बुधवारी साठावा दिवस

आमच्या घरात कागद वाचणारा माणूस म्हणजे मी. सातबाऱ्यावरची नोंद असो, पीकविम्याचा अर्ज असो की कुणाच्या पोराचा दाखला, गावाकडून, वडीगोद्रीहून फोन येतो तो मलाच. जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कारखान्यात मी तेवीस वर्षं पिशव्यांवरची लेबलं तपासत आलोय. लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख, वैधतेची तारीख. एक आकडा चुकला तर भरलेला ट्रक परत येतो. त्यामुळे कागदाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही. घरातले सगळे हे ओळखून आहेत आणि कुणी माझ्या वाटेला जात नाही. त्या जूनमध्ये कुणीतरी जायला हवं होतं.

माझे थोरले भाऊ आणि वहिनी वडीगोद्रीला शेती करतात. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. दुसऱ्या वर्षी वहिनी घरात आल्या, त्या स्वतःच तेव्हा एकोणीस-वीसच्या असतील. माझ्या डोक्याला तेल त्यांनी लावलं आणि माझा मारही त्यांनीच खाल्ला, म्हणजे दादा मला मारायला उठला की मधे त्या पडायच्या. त्यांना एकच मुलगी. ती इंजिनियर झाली, लग्न झालं आणि नवरा-बायको दोघं जर्मनीला नोकरीला गेले.

पुतणीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, तिथे परक्या दवाखान्यात. आम्ही सगळे इथे फोन धरून बसलेलो होतो, कुणाला काही करता आलं नाही. त्यानंतर वर्षभर ती फोनवर दोन वाक्यांच्या पुढे बोलत नव्हती. पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "काका, आईला पाठवा." ठरलं असं की पहिले अवघड महिने वहिनींनी तिथे काढायचे, पेरणीला परत यायचं आणि डिसेंबरमध्ये बाळंतपणाला पुन्हा जायचं. म्हणजे दोन खेपा, दोन व्हिसे.

पहिला अर्ज मी भरला. किती दिवस राहणार या रकान्यात साठ लिहिले. पासपोर्ट परत आला तेव्हा आत चिकटवलेला व्हिसा मी खिडकीशी नेऊन वाचला. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. मोजलं तर पंचाहत्तर दिवस भरले. खाली एका चौकोनात बारीक साठचा आकडा होता. मी मनाशी म्हटलं, आपण अर्जात लिहिलेले साठ त्यांनी उतरवून घेतलेले दिसतात, आणि वर पंधरा दिवस जास्तीचे दिलेत, भली माणसं आहेत. घरी तसं सांगितलंही. तिकीट काढणाऱ्या एजंटाने मात्र मला न विचारताच परतीचं तिकीट साठाव्या दिवसाचं काढलं होतं. त्यात काही अर्थ असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

वहिनी एप्रिलमध्ये एका रविवारी तिथे उतरल्या. पुतणीच्या उलट्या रोज सकाळी सहाला सुरू व्हायच्या. वहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून न्हाणीघरात उभ्या राहायच्या, मग मुगाचं पाणी पाजायच्या. पोरगी हळूहळू फोनवर हसायला लागली. मे संपता संपता एके दिवशी वहिनींचा फोन आला.

"भावजी, माझं तिकीट बुधवारचं हाये व्हय?"

मी पाहून सांगितलं, हो, बुधवारचंच.

"मंग बदला. बुधवारी मी लेकीला सोडून निघत न्हाई."

आमच्याकडे बुधवारी मायलेकींची ताटातूट करत नाहीत. बुधवारी निघालं तर मायलेकी एकमेकींना लवकर भेटत नाहीत, असं मानतात. मी अशा गोष्टी मानत नाही, पण ज्यांनी मला वाढवलं त्यांच्याशी वाद कशाला, आणि व्हिसाला तर पंधरा दिवस शिल्लक होते. मी एजंटाला फोन लावला आणि शुक्रवारचं करायला सांगितलं. त्याने विचारलं, "व्हिसाचं बघितलं ना साहेब? दिवस बराबर बसतेत ना?" मी म्हटलं, "तू तिकिटाचं बघ, कागदाचं मी बघतो." हे वाक्य पुढे मला बरेच दिवस एकट्याने आठवत बसावं लागलं.

नव्या तिकिटाच्या आठवड्यातला सोमवार. कारखान्यात जूनची धामधूम होती, गेटवर टेम्पोंची रांग. भोकरदनकडचे एक म्हातारे शेतकरी सोयाबीनची पिशवी उचलून थेट माझ्या टेबलाशी आले. लेबलावरच्या वैधतेच्या तारखेवर बोट ठेवून तावातावाने म्हणाले, "हे बियाणं अजून वीस दिवसांत संपून राह्यलं. पीक निघायला तीन महिने लागतेत. मंग रानात उभं असतानाच बाद झालं तर मी कोनाला धरू?"

असा प्रश्न दर हंगामात एकदा तरी येतो. मी हसलो, आणि ते हसू चांगलं नव्हतं. म्हटलं, "बाबा, ही तारीख पेरायची. या तारखेच्या आत पेरलं म्हणजे झालं. पेरल्यावर पीक किती दिवस रानात उभं राहणार, तो हिशोब निराळा. दोन्ही एक नाहीत." म्हातारबांना पटलं. ते गेले. मी चहा मागवला.

चहा अर्धा झाला असेल. दोन्ही एक नाहीत, हे माझंच वाक्य डोक्यात घोळत होतं, आणि एकाएकी मी कप खाली ठेवला. मोबाईलमधला व्हिसाचा फोटो उघडला, मोठा केला. वर दोन तारखा. खाली चौकोनात साठ.

मी बाहेर वऱ्हांड्यात येऊन एजंटाला फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, की व्हिसावर तारीख एक आणि दिवसांचा आकडा दुसरा, तर धरायचं काय.

"आकडा, साहेब. तारखा म्हंजे त्या मुदतीत जाऊन यायचं. आत राह्यचं ते साठच दिवस. उतरला तो दिवस बी धरतेत आन् निघाला तो बी." मग थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणून तर मी बुधवारचं काढलं होतं."

रविवार पहिला दिवस धरून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत गेलो. साठावा दिवस बुधवार. माझ्या हुशारीने वहिनी शुक्रवारी निघणार होत्या, बासष्टाव्या दिवशी. दोन दिवसांनी काय बिघडतं, असं मी त्याला विचारलं. जाताना कागदात नोंद होते, तो म्हणाला, दंड होऊ शकतो, येण्यावर बंदीही येऊ शकते, आणि ते झालं नाही तरी पुढच्या अर्जाच्या वेळी ती नोंद समोर येते. "पुन्हा कधी जायचंय त्यांना?"

"डिसेंबरमध्ये. बाळंतपणाला."

मी तिथूनच मुदत वाढवून घेता येईल का, विचारलं. "दवाखान्यात भरती असलं, विमान बंद असलं, असं काही लागतं साहेब. बुधवार हाये म्हणून मुदत वाढवून देत न्हाईत." दुसऱ्या वेळी मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी गप्प बसलो.

मंगळवारचं मुंबईचं थेट विमान भरलेलं होतं. मधे दुसऱ्या देशात उतरून विमान बदलायचं तर वहिनींना इंग्रजी येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. त्यांना एकट्याने जमणार नव्हतं. बुधवारी दुपारच्या थेट विमानात दोन जागा दिसत होत्या. मी कुणालाही न विचारता त्यातली एक घेतली. मग पुतणीला फोन केला. तिला सगळं समजायला अर्धं मिनिट पुरलं. ती फक्त म्हणाली, "काका, डिसेंबर?" आणि फोन आईकडे दिला.

मी वहिनींना समजावलं. तारीख, दिवस, नोंद, पुढचा व्हिसा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भावजी, तुम्हीच म्हनले होते का पंधरा दिवस हातात हायेत."

"चुकलो, वहिनी. बुधवारी निघावं लागेल."

"बुधवारी न्हाई."

"अहो, बुधवारी नाही निघालात तर परत जाता येणार नाही!"

"बुधवारी निघाले तर परत भेट व्हनार न्हाई."

दोन्ही बाजूंनी एकच भीती होती, हे आज कळतं. तेव्हा मी भडकलो. वऱ्हांड्यात उभा राहून मी त्यांच्यावर ओरडलो. अडाणीपणा म्हणालो, पोरीच्या जिवाशी खेळ म्हणालो. गोदामातले हमाल पोती खाली ठेवून बघायला लागले. पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही. चूक माझी होती आणि आवाजही माझाच चढलेला होता, ही माझी जुनी रीत आहे.

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मोटारसायकलने वडीगोद्रीला निघालो. ऊन मी म्हणत होतं. अंबडच्या पुढे रस्त्यावर डोळे ठरेनात. फोनवर हे सांगण्यासारखं नव्हतं, आणि खरं म्हणजे दादाने मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. मार खाल्ला की सुटलो, असं लहानपणी असायचं.

दादा अंगणात लिंबाच्या सावलीला ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने नळी खाली ठेवली.

"तिकीट बदललं तवा मला इचारलं का?"

"नाही."

"तिला दम दिला?"

"हो."

"दमात घेऊन ती ऐकत न्हाई. बस खाली."

तो आत जाऊन पाणी घेऊन आला. त्याने मला पाणी पिऊ दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला गोवर आल्ता ते ध्यानात हाये का?"

मला अंधुक आठवत होतं. अंधारी खोली, कडुनिंबाचा पाला.

"ती तवा आष्टीला माहेरी गेल्ती. लग्नाला वरीस बी झालं नव्हतं. तुझा ताप उतरंना. मी तिला न्यायला गेलो. बुधवार होता. तिची माय दारात आडवी झाली, म्हनली उद्या न्या, आज न्हाई. मी म्हनलं पोरगं एकलं हाये घरी. तुझ्या वहिनीनं पिशवी घेतली आन् निघाली." दादाने नळी पुन्हा हातात घेतली. "महिन्याभरात माय गेली. जित्तेपनी पुन्हा भेट झाली न्हाई."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी तर चुकूनही नाही. ज्या बुधवाराला मी सकाळी अडाणीपणा म्हणालो तो बुधवार त्यांनी माझ्यासाठी पत्करला होता. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी घामाच्या निमित्ताने पुसलं. दादाला ते दिसलं असणार.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "प्रस्थान ठिवता येतं का बघू."

प्रस्थान आमच्या घरात मी लहान असताना पाहिलेलं. जायच्या दिवशी वार चांगला नसला, तर आदल्या चांगल्या दिवशी थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून ते गाठोडं जायच्या दिशेला असलेल्या शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. ठेवलं की तो माणूस त्या दिवशीच घरातून निघाला असं धरतात. मग प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी जाता जाता गाठोडं उचलायचं. मंगळवारी प्रस्थान ठेवलं की बुधवारचं विमान चालणार होतं. इतका साधा उपाय मला सुचला नव्हता, कारण मी अशा गोष्टी मानत नाही ना.

दादाने स्वतःच्या फोनवरून लावला. या वेळी वहिनींनी उचलला. दादाने मोजून चार वाक्यं सांगितली. फोन स्पीकरवर होता.

"कोनाच्या घरी ठिवू?" वहिनी म्हणाल्या. "इथं माझं कोन हाये?"

पुतणीच्या खालच्या मजल्यावर एक एकटी जर्मन म्हातारी राहत होती. वहिनी तिच्याबरोबर बागेतल्या बाकावर बसायच्या. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण दोघी मिळून वाटाणे सोलत. पुतणी मागून म्हणाली, "मी त्यांना विचारते."

"दिशा बराबर पायजे," वहिनी म्हणाल्या.

"तिचं घर खाली हाये ना?" दादा म्हणाला. "खाली म्हंजे घराच्या बाहीर. बास झालं."

मला वाटलं जमलं, पण वहिनींचं संपलं नव्हतं.

"गाठोडं मी ठिवनार न्हाई," त्या म्हणाल्या. "तांदूळ खाली आन् मी वर, लेकीच्या उशाशी? हे फसवनं झालं. एकदा घाई घाईत निघाले होते, आता न्हाई. मंगळवारी दिवस मावळायच्या आत मी सोता खाली जाईन. तिथंच झोपीन. लेकीचा निरोप मंगळवारीच घ्यायचा. बुधवारी तिनं माझ्या समोर यायचं न्हाई, आन् मी वर चढायचं न्हाई. जावयानं विमानापोत्तर न्यावं. असं व्हत असंल तर मी निघते."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी कोण नाही म्हणणारा.

मंगळवार कसा गेला ते सांगता येत नाही. संध्याकाळी पुतणीचा निरोप आला, "आई खाली गेली." बस, तीन शब्द. तिला फोन करावा असं फार वाटलं, केला नाही.

बुधवारी मी कामावर होतो, पण कामाला नव्हतो. आपल्याकडे साडेतीन वाजायच्या सुमाराला जावयाचा निरोप आला की आई तपासणीच्या आत गेल्या, पुढे मला जाऊ देत नाहीत. त्यानंतर काही नाही. मी बोटांवर पुन्हा मोजायला लागलो. रविवारपासून धरलं तर साठ. एजंट चुकला असेल तर? उतरल्याचा शिक्का रविवारचाच आहे ना? विमान उतरलं तेव्हा आपल्याकडे पहाट होती. तिकडच्या मध्यरात्रीच्या आधी उतरलं असेल आणि शनिवारचा शिक्का असेल तर आज एकसष्टावा दिवस. मी तो शिक्का कधी पाहिलाच नव्हता. चार वाजले. सव्वाचार. वहिनींना तिथे काही विचारलं तर काय सांगणार होत्या त्या, की बुधवार होता म्हणून घोळ झाला? माझ्यासमोर लेबलांचा गठ्ठा पडला होता. मी वरच्या लेबलावर सही करायला गेलो आणि पेन खाली ठेवलं. त्या दिवशी माझ्या सहीवर माझाच भरवसा नव्हता.

पावणेपाचला फोन वाजला. वहिनींचा होता.

"भावजी, बसले हो विमानात. त्या मानसानं माझी वही लई येळ बगितली. मंग बोटावर मोजलं. मी बी त्याच्यासंगं मोजत होते. त्याचं झालं, माझं झालं, मंग त्यानं शिक्का मारला."

"काही म्हणाला का?"

"हसला थोडा. बाकी मला काय कळतंय. ठिवते, ती बाई फोन बंद करा म्हनून राह्यली."

मी गोदामामागे जाऊन रिकाम्या पोत्यांवर बसलो. हसू येत होतं की रडू, ते मलाही ठरवता येईना. एक हमाल चहा देऊन गेला.

मुंबईला मीच आणायला गेलो. सामान गाडीत टाकलं, त्या मागच्या सीटवर बसल्या आणि लगेच झोपल्या. समृद्धी महामार्गावर उजाडलं तेव्हा जाग्या झाल्या. मी तोंडात दोन दिवस धरून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं, "वहिनी, माझं चुकलं. कागदाचंही, आणि बोललो त्याचंही." गोवराचं मात्र बोलता आलं नाही. दादाने सांगितलंय हेही नाही.

"व्हतंय," त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत आपणहून सांगायला लागल्या. म्हातारीने त्यांना सोफ्यावर अंथरून दिलं होतं. रस्सा आणि पाव दिला. दोघी गप्प बसून जेवल्या.

"झोप न्हाई लागली. सकाळी सहाला वर पावलं पळाली. न्हानीकडं. मी उठले भावजी. दारापोत्तर गेले, कडीला हात लावला. म्हनलं चढावं वर, काय व्हईल ते व्हईल." त्यांनी पदर सारखा केला. "मंग ऐकू लागले. उलटीचा आवाज आला न्हाई. नुसता नळ. लई येळ नळ चालू होता. म्हनलं तोंड धुती, बरी हाये आज. मंग परत येऊन बसले. तेवढी एक सकाळ देवानं तिला सोडलं बगा. न्हाई तर मी वर गेलेच असते."

त्या हे सांगताना इतक्या समाधानाने हसल्या की मलाही बरं वाटलं.

ऑक्टोबरमध्ये दुसरा अर्ज भरला. त्यात मागच्या वेळी कधी आलात, कधी गेलात हा रकाना होताच. दोन्ही शिक्क्यांच्या झेरॉक्स मी जोडल्या, एजंटाकडून तीनदा तपासून घेतल्या, त्याचं ऐकायची सवय आता लागली होती. सोळा दिवस वाट पाहिली. पासपोर्ट आला. या वेळी तारखांकडे न बघता आधी खालचा चौकोन बघितला. नव्वद. बाळंतपण आणि वर सव्वा महिना आरामात बसत होता.

आधी वडीगोद्रीला कळवलं, मग पुतणीला. सातवा महिना चालू होता. ती इतकी रडली की मला फोन लांब धरावा लागला. शांत झाल्यावर मी तिला खूश करायला म्हटलं, "तुझ्या आईला त्या बुधवारचं अजून नवल वाटतं. रोज उलट्या व्हायच्या, आणि नेमकी त्या सकाळी एकही झाली नाही."



"काका, सगळ्यात जास्त त्याच दिवशी झाल्या," ती म्हणाली. "आई खाली ऐकत असणार हे मला माहीत होतं. म्हणून मी नळ सोडून ठेवला होता."

वहिनींना हे मी सांगितलेलं नाही. तिनेही सांगितलेलं नाही.